चौसष्टावी पायरी

ज्याच्या हातून रोज हजारो रोग्यांचे काम होते आणि ज्याचे नाव त्यांतल्या एकालाही ठाऊक नसते, अशा माणसाला आधी हात जोडावेत आणि मगच त्याची कथा उघडावी. रंगनाथ वानखडे हे असे एक गृहस्थ. वय बावन्न, गाव वाशिमकडचे, बिऱ्हाड बिबवेवाडीत, नोकरी सदाशिव पेठेत. अंगात फिक्या निळ्या रंगाचा सदरा, खिशात दोन पेने, आणि तोंडात शब्द इतके थोडे की समोरच्याला वाटावे, हे गृहस्थ शब्द जपून ठेवत आहेत. ते जपत नव्हते. त्यांच्यापाशी ते उरलेच नव्हते. ते का उरले नव्हते, आणि त्यांतले काही परत कसे आले, एवढीच ही कथा.

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत तळमजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, आणि दुसऱ्या मजल्यावर अकरा माणसांची एक कंपनी. दवाखाने आणि रक्त तपासणाऱ्या लॅब यांच्यासाठी ती सॉफ्टवेअर बनवते. रोग्याचे नाव नोंदवायचे, त्याच्या रक्ताचा अहवाल त्याच नावाखाली लावायचा, आणि तो डॉक्टरांच्या पडद्यावर पोहोचवायचा. ऐकायला लहान, करायला अवघड. शहरातले दोनशे चाळीस दवाखाने त्यावर चालतात. कंपनीचे मालक अभय दातार. स्वतः उत्तम संगणक जाणणारे, मनाने उदार, जिभेने पक्के पेठेतले.

तिथे लिहिणारे वेगळे आणि चालवणारे वेगळे, अशी रीत होती. लिहिणारे सहा जण खिडकीकडे बसत. ते महिनाभर लिहीत आणि झालेल्या कामाचे गाठोडे रंगनाथांच्या टेबलावर ठेवून मोकळे होत. मग महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दवाखाने बंद असताना, रंगनाथ एकटे कार्यालयाचे कुलूप उघडत, उदबत्ती लावत, आणि ते गाठोडे एकेक आज्ञा टाइप करून खऱ्या सर्व्हरवर चढवत. खरा सर्व्हर म्हणजे ज्यावर प्रत्यक्ष रोग्यांच्या नोंदी राहतात तो. सकाळी आठला बसत, दुपारी दोनला उठत. एकोणीस वर्षे हा नेम होता. पत्नी मुक्ताताईंनी रविवार मागितला नाही आणि त्यांनी तो दिला नाही.

त्यांच्याजवळ लाल बांधणीची एक दोनशे पानी वही होती. तिच्यात त्रेसष्ट पायऱ्या, सुवाच्य अक्षरात. अमुक बंद करा, तमुक उतरवा, हे तपासा, ते चालू करा. वहीवर बोट ठेवायचे, पायरी वाचायची, हात चालवायचा, बोट खाली सरकवायचे. जपमाळेचा मणी ओढावा तसे ते बोट सरके.

आणि एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ज्याच्या हातून काही बिघडेल त्याने सर्वांना पेढे द्यायचे. कार्यालयातल्या फ्रिजवर अभयरावांनी स्वतः लिहून पाटी लावली होती. “चुकणाऱ्याने पेढे आणावेत. किती आणावेत, हे चुकीचा आकार पाहून ठरवले जाईल. चूक दुसऱ्याची आहे हे सिद्ध करण्यात कार्यालयाचा वेळ घेऊ नये.” पाटी वाचून येणारा-जाणारा हसे. पेढे खाताना टोमणेही वाटले जात. “वा, केशरी आणलेत! म्हणजे बरंच पडलेलं दिसतंय.” खाणारा हसे, देणारा हसे, आणि घरी जाताना देणारा मनाशी ठरवी की पुढच्या वेळी कोणाला कळू द्यायचे नाही. गोडाधोडाने माणसे किती लपवायला शिकतात, हे तिथे कोणाच्या ध्यानात आले नाही.

रंगनाथांनी मात्र एकदाही पेढे आणले नव्हते. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी त्यांच्या टेबलापाशी नेऊन सांगत, “हे रंगनाथकाका. यांचे पेढे खायचे म्हणजे पुढचा जन्म घ्यावा लागेल.” रंगनाथ किंचित हसत. माणसाला बांधायला दोरखंडच लागतो असे नाही.

आता ती चूक.

आपल्याकडे जुन्या पिढीत एक जूनला जन्मलेली माणसे फार. आईबापांना जन्मतारीख सांगता येत नसे. मग शाळेत घालताना मास्तर एक जून लिहीत आणि पोर वर्गात बसे. खुद्द रंगनाथांची जन्मतारीख तीच. दर एक जूनला कार्यालयात केक येई, आणि जो दिवस आपला नाही त्या दिवशी आपण मेणबत्ती विझवतो आहोत, हे त्यांना ठाऊक असे.

सॉफ्टवेअरमध्ये दुबार नोंदी एकत्र करणारी एक पायरी होती. एकच माणूस दोनदा नोंदवला गेला असेल तर त्याच्या दोन नोंदींची एक करायची. नाव आणि आडनाव जुळले, जन्मतारीख जुळली, आणि मोबाइल नंबरही जुळला, तरच. ही शेवटची अट लावण्याची आज्ञा वहीत स्वतंत्र पानावर होती. तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी वहीची दोन पाने एकमेकांना चिकटली होती. आदल्या शुक्रवारी कोणाच्या तरी चुकीचे पेढे वाटले गेले होते, आणि तुपाच्या हाताने कोणी तरी ती वही उचलून बाजूला ठेवली होती. रंगनाथांचे बोट चाळीसाव्या पायरीवरून थेट त्रेचाळीसाव्यावर गेले. मधले पान उलगडलेच नाही. नाव जुळले, एक जून जुळला, आणि शहाहत्तर निरनिराळ्या माणसांच्या अडतीस जोड्या होऊन बसल्या.

त्यांत दोन तुळजाबाई पवार होत्या. एक कात्रजच्या पुढच्या गावातली, एक धनकवडीतली. दोघी कागदावर एक जूनच्या, आणि दोघी एकाच दवाखान्यात जाणाऱ्या. धनकवडीच्या तुळजाबाईंना साखरेचा आजार. तो अहवाल कात्रजच्या तुळजाबाईंच्या नावाखाली डॉक्टरांना दिसला. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. अकरा दिवस त्या धडधाकट बाईने नसलेल्या आजाराच्या गोळ्या घेतल्या. बाराव्या दिवशी साखर उतरून न्हाणीघरात त्या पडल्या. खुब्याचे हाड मोडले.

दवाखान्यातून फोन आला तो सोमवारी सकाळी. नोंदणीच्या खिडकीवर बसणारी रुपाली नावाची मुलगी होती. तिने चुकीच्या बाईच्या नावावर अहवाल चढवला, असे दवाखान्याने आपल्यापुरते ठरवूनही टाकले होते. “आमच्याच मुलीचा घोटाळा आहे, तेवढी नोंद दुरुस्त करून द्या.” रंगनाथांनी नोंद उघडली. एका नावाखाली दोन बायांचे आयुष्य पडलेले त्यांना दिसले. घोटाळा कोणाचा, हे त्या क्षणी पृथ्वीवर एका माणसाला कळले. तो म्हणाला, “करतो दुरुस्त.”

खोटे असे ते काहीच बोलले नाहीत. दोन शब्द, आणि तेही खरे. त्या आठवड्यात रुपालीची नोकरी गेली.

मंडळी, रंगनाथांना दुःख झाले असते तर ही कथा लवकर संपली असती. माणूस रडतो, बोलतो, मोकळा होतो. तसे झाले नाही. दिवा मालवावा तसे आतले काही मालवले. त्यांनी अडतीस जोड्या हाताने सोडवल्या. पण यंत्राने त्या आपल्या स्मरणात एक म्हणून टिपून ठेवल्या होत्या. दर नव्या आवृत्तीबरोबर त्या पुन्हा जुळत. ते स्मरण कसे पुसायचे हे लिहिणाऱ्यांना विचारावे लागले असते, आणि विचारायचे म्हणजे सांगावे लागले असते. तेव्हा दर महिन्याला, त्रेसष्ट पायऱ्या झाल्यावर, रंगनाथ आणखी एक तास चाळीस मिनिटे बसत आणि शहाहत्तर माणसांची नावे, मोबाइल नंबर पुन्हा टाइप करून एकेकाला वेगळे करत. ही चौसष्टावी पायरी. ती वहीत नव्हती.

छत्तीस महिने हे चालले. घरी ते जेवत, झोपत, भाजी आणत. एकदा मुक्ताताई ताटावरच म्हणाल्या, “काहो, वरणात मीठच नाही. दोन वाट्या जेवले तुम्ही. सांगून नाही राह्यले?”

“असेल,” रंगनाथ म्हणाले.

“असेल काय असेल? नाहीच आहे.”

“मग नसेल.”

मुक्ताताईंनी मिठाची वाटी पुढे सरकवली आणि त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी मीठ घेतले नाही. घ्यावे की घेऊ नये, यात त्यांना काही फरक वाटला नाही.

अशात दीपमाला कोंढरे कंपनीत आली. कात्रजची मुलगी, वय एकोणतीस, स्कूटरवरून येई, डब्यातली भाकरी चारचौघांत वाटून खाई, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाही. अभयरावांनी तिला आणले ते डेव्हऑप्स नावाच्या कार्यपद्धतीसाठी. दोन बड्या लॅबनी सांगून टाकले होते की दुरुस्तीसाठी महिना थांबायला आम्हाला जमणार नाही.

पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना एकत्र बसवले. “लिहिणारा आणि चालवणारा यांच्यामधली भिंत काढायची. ज्याने लिहिलं त्याला ते चालताना दिसलं पाहिजे, आणि जो चालवतो तो लिहिताना शेजारी बसला पाहिजे. महिन्याचं गाठोडं नको, रोजचं थोडं थोडं. ते तपासायचं यंत्रानं, चढवायचंही यंत्रानं, म्हणजे पायरी सुटायला नको. एकाला जे माहीत आहे ते सगळ्यांना माहीत पाहिजे. आणि बिघडलं तर कोणी केलं असं विचारायचं नाही. कसं झालं, एवढंच विचारायचं.”

खिडकीकडून आवाज आला, “म्हणजे पेढे बंद?”

“पेढे चालू. पण ज्यानं चूक सांगितली त्याला बाकीच्यांनी द्यायचे.”

“अहो, मग तर लोक मुद्दाम चुकतील,” अभयराव म्हणाले. “आमच्याकडे फुकट पेढ्यासाठी माणसं काहीही करतात.” सगळे हसले. पाटी राहिली.

दीपमाला रंगनाथांच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसली. “काका, पहिल्या पायरीपासून शिकवा.”

त्यांनी वही पुढे केली. “यात सगळं आहे. वाचा मॅडम.”

“मॅडम नका म्हणू, मला मागं वळून बघावंसं वाटतं. आणि वही नको. तुम्ही करताना बघायचंय मला.”

आणि मग जे झाले ते पाहण्यासारखे होते. ती मुलगी त्या माणसाच्या हाताकडे पाहून शिकत होती. ही आज्ञा दोनदा का? इथे का थांबता? रंगनाथ सांगत, ती लिही, यंत्राकडून करवून घेई, पुन्हा पुन्हा पडताळून पाही. सरावासाठी तिने एक वेगळा सर्व्हर उभा केला होता. त्यावर बनावट नावांचे बनावट रोगी. एकेक पायरी माणसाच्या हातातून यंत्राच्या हातात गेली. दहा, वीस, चाळीस. पडद्यावर पायरी पूर्ण झाली की हिरवा ठिपका उमटे. एकोणीस वर्षांचे आपले हात आपल्यासमोर हिरवे ठिपके होऊन उभे राहिलेले रंगनाथांनी पाहिले. त्यांना वाईट वाटले का? नाही. आनंद झाला का? तोही नाही. ठिपका उमटला की ते पुढची पायरी सांगत.

अडीच महिन्यांत त्रेसष्ट पायऱ्या झाल्या. सहा तासांचे काम अकरा मिनिटांत होऊ लागले. बनावट रोग्यांत एक जूनचा कोणी नव्हता, त्यामुळे सरावात काही अडलेही नाही. अभयरावांनी सोमवारची तारीख ठरवली. सकाळी दहा वाजता, दवाखाने उघडे असताना. त्या दिवसानंतर खऱ्या सर्व्हरवर कोणीही हाताने काही करायचे नाही. रंगनाथांचाही प्रवेश बंद होणार होता.

म्हणजे काय होणार होते, ते स्पष्ट आहे. सोमवारी जोड्या पुन्हा जुळणार, आणि या वेळी त्या सोडवायला हात नसणार. दोन तुळजाबाई पुन्हा एक होणार. हे जगात फक्त रंगनाथांना माहीत होते. सांगावे, तर मोडलेले हाड आणि रुपालीची नोकरी सांगावी लागणार. न सांगावे, तर पुन्हा कोणाच्या तरी नावावर कोणाचा तरी आजार चढणार. असा पेच समोर असता माणसाची झोप उडावी. रंगनाथांची उडाली नाही. ते नेहमीप्रमाणे साडेदहाला झोपले आणि सहाला उठले, आणि त्यांना पहिल्यांदाच स्वतःची भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

शुक्रवारी दीपमाला जाता जाता थांबली. “काका, सर्व्हरवर कोण कधी आत गेलं, त्याच्या जुन्या नोंदी बघत होते. त्रेसष्टावी पायरी झाल्यावर तुम्ही दर वेळी आणखी एक तास चाळीस मिनिटं आत असता. तीन वर्षं. त्याआधी नसायचात. काय करता?”

“बघतो.”

“काय बघता?”

रंगनाथांनी वही मिटून खणात ठेवली. स्कूटरची किल्ली तिच्या बोटांत एकदा फिरली आणि थांबली. ती चिडली नाही, हसलीही नाही. “बरं. मी चौसष्टावी पायरी टाकून ठेवते. रिकामी. तिच्यात काय लिहायचं ते तुम्ही सांगेपर्यंत यंत्र तिथं थांबेल, पुढं जाणार नाही. तोवर दवाखाने जुन्याच आवृत्तीवर चालत राहतील, कोणाचं काही अडायचं नाही.” मग जिन्यापाशी वळून म्हणाली, “जे तीन वर्षं कोणी न सांगता करतंय, ते उगाच नसणार, काका.”

कोणाला पकडण्यासाठी जाळे टाकतात. तिने थांबायला जागा टाकली. या दोहोंतला भेद ज्याला कळला त्याला त्या कार्यपद्धतीतले बाकी सारे नंतर शिकता येते.

सोमवारी दहाला सगळे मोठ्या पडद्यापुढे जमले. अभयरावांनी नारळ आणला होता. दीपमालाने बटण दाबले आणि हिरवे ठिपके उमटू लागले. दहा. तीस. त्रेसष्टावा उमटला तेव्हा कोणी तरी टाळी वाजवली. मग चौसष्टावी पायरी आली आणि तिथे पिवळा ठिपका लुकलुकू लागला.

“हे काय?” अभयराव म्हणाले. “त्रेसष्टच होत्या ना? नारळ फोडू का परत पिशवीत टाकू?”

दीपमाला म्हणाली, “एक पायरी कळायची राहिली आहे. थांबू या.” तिने रंगनाथांकडे पाहिलेही नाही.

लोक थांबले. खाली क्लासमध्ये कोणी तरी राज्यघटनेची कलमे मोठ्याने सांगत होते, ते वर ऐकू येत होते. पिवळा ठिपका लुकलुकत होता. अभयरावांनी नारळ टेबलावर ठेवला. दोन मिनिटे झाली असतील.

“ती माझी पायरी आहे,” रंगनाथ म्हणाले.

आणि त्यांनी सांगितले. उभे राहून, हात सदऱ्याच्या खिशाशी धरून, पायऱ्या वाचून दाखवाव्यात त्याच सुरात. चिकटलेली पाने. एक जून. अडतीस जोड्या. दोन तुळजाबाई. अकरा दिवसांच्या गोळ्या. न्हाणीघर. रुपाली. “करतो दुरुस्त” हे शब्दही सांगितले. आवाज चढला नाही, अडकला नाही. शेवटी म्हणाले, “पेढे किती आणू, ते सांगा.”

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरोखरच विचारायचे होते. कोणी हसले नाही.

अभयराव उठले. फ्रिजपाशी गेले, पाटी काढली, दुमडली आणि खिशात घातली. “रंगनाथराव,” ते म्हणाले, “तुम्ही मला सांगायला हवं होतं, हे मी म्हणणार होतो. पण हे कोणी मला सांगू नये, अशी व्यवस्था मीच पाटी लावून केली होती.” मग त्यांचा आवाज कोरडा झाला. “तरीही ते सांगायला हवंच होतं. ती मुलगी.”

“हो,” रंगनाथ म्हणाले.

दीपमाला तोवर पडद्यापुढे बसली होती. “स्मरणातल्या जोड्या कुठं आहेत ते दाखवा, काका.” त्यांनी दाखवले. तिने आणि खिडकीकडच्या एकाने मिळून त्या पुसायची आज्ञा लिहिली, सरावाच्या सर्व्हरवर दोन एक जूनच्या बाया घालून पडताळली, आणि पायरीत भरली. ठिपका हिरवा झाला. घड्याळात बत्तीस मिनिटे गेली होती.

“झालं?” रंगनाथांनी विचारले.

“झालं, काका. आता त्या परत कधी जुळणार नाहीत.”

तीन वर्षांचे काम बत्तीस मिनिटांचे होते. रंगनाथ खुर्चीत बसले. नारळ फुटला, खोबरे वाटले गेले. त्यांच्या हातावर कोणी तुकडा ठेवला, तो त्यांनी खाल्ला.

दुपारी अभयरावांनी दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन करून सगळे सांगितले आणि लेखी कळवले. डॉक्टर बोलायचे ते बोलले. अभयरावांनी ऐकून घेतले. रंगनाथांची नोकरी राहिली. त्या आठवड्यात दीपमालाने सर्वांच्या समोर “कसं झालं” हे फळ्यावर लिहिले. वहीचे पान, तुपाचा हात, एक माणूस, एक रविवार, फ्रिजवरची पाटी, सगळे कारणांत आले. मग खिडकीकडचे सहाही जण एकेक करून आपापले लपवलेले सांगू लागले, तेव्हा फळा पुरला नाही. नव्या पद्धतीला त्या फळ्यापासून यश येऊ लागले, असे अभयराव आजही सांगतात. पुढे महिन्यात एकदा होणारे काम आठवड्यात चारदा होऊ लागले, चहा उकळेपर्यंत. आणि दर वेळी, काहीही चढवण्याआधी, यंत्र पहिल्यांदा एकच गोष्ट तपासते: दोन बनावट तुळजाबाई घेते आणि त्या दोनच राहतात ना, ते पाहते.

पण हे पुढचे. त्याच शनिवारी, दवाखान्यातून ठावठिकाणा विचारून घेऊन, रंगनाथ रुपालीकडे गेले. बिबवेवाडीतच, त्यांच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे, ती एका झेरॉक्सच्या दुकानात काम करत होती. तीन वर्षे ती तिथे होती आणि तीन वर्षे त्या गल्लीतून ते भाजी आणत होते.

“बोला काका, किती प्रती?” ती म्हणाली.

“प्रती नकोत,” ते म्हणाले, आणि जे सोमवारी सांगितले तेच सांगितले. मशिनचा प्रकाश झाकणाखालून पुढे-मागे सरकत होता. रुपालीने मध्येच एका माणसाला आधार कार्डाच्या दोन प्रती काढून दिल्या, सुटे पैसे दिले, आणि पुन्हा त्यांच्याकडे वळली.

“म्हणजे मी नाव बरोबर टाकलं होतं?”

“बरोबर टाकलं होतं.”

“परत सांगा.”

“तुम्ही नाव बरोबर टाकलं होतं.”

ती काउंटरला धरून उभी राहिली. “मला आठवायचं, मी बरोबरच टाकलंय. मग डॉक्टर म्हणाले, नाही. मग मला पण आठवायला लागलं की मी चुकीचं टाकलं. अगदी दिसायचं मला, मी चुकीचं बटण दाबतेय ते.” ती थांबली. “दर महिन्याला जाते मी त्या आजींकडे. दुसऱ्या रविवारी. सांगायला काही नसतं, नुसती जाऊन बसते. मीच पाडलं ना त्यांना, म्हणून.”

दुसरा रविवार. रंगनाथांनी मान खाली घातली. ज्या सकाळी ते त्या बाईला कागदावर वेगळे करत, त्याच सकाळी ही मुलगी तिच्यापाशी जाऊन बसत होती.

“माफी मागितली नाहीत अजून,” रुपाली म्हणाली. “नका मागू. आत्ता मला देता येणार नाही. उद्या दुसरा रविवार आहे. तिथं या आणि आजींना सांगा. माझ्यासमोर.”

ते गेले. कात्रजच्या पुढचे ते गाव आता शहरात आले आहे. तुळजाबाईंचे घर दोन नव्या इमारतींच्या मध्ये. दारात पत्र्याची सावली, सावलीत खाट, खाटेपाशी चार पायांची लोखंडी काठी. म्हातारी ताठ बसली होती. नजर चांगली तीक्ष्ण.

“रुपाले, ह्यो कोन आनलास?”

“हे सांगतील, आजी.”

रंगनाथांनी तिसऱ्यांदा सांगितले. तुळजाबाई एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी काठीकडे पाहिले, मग रुपालीकडे पाहिले. “म्हंजी ह्या पोरीचा काय बी गुना न्हाई.”

“नाही.”

“मंग तीन वर्सं हिनं माजं पाय चेपलं, ते कोनाच्या नावावर लिवायचं?” म्हातारी फणकारली. रुपाली तोंड फिरवून उभी राहिली. तुळजाबाईंनी काठी खाटेजवळ ओढून घेतली. मग एकाएकी म्हणाल्या, “त्या गोळ्या माज्या न्हवत्या. दुसरीच्या व्हत्या, न्हवं?”

“हो. धनकवडीच्या तुळजाबाईंच्या.”

“तिला साखर हाय, आन् गोळ्या म्या खाल्ल्या. मंग ती अकरा दिस बिगर गोळीची ऱ्हायली की. तिला काय झालं?”

छत्तीस वेळा रंगनाथांनी त्या बाईचे नाव टाइप केले होते. तिला छत्तीस वेळा या म्हातारीपासून सोडवून वेगळे केले होते. आणि ती कशी आहे, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. मोडलेल्या हाडाने त्यांचे सारे लक्ष एका बाजूला ओढून धरले होते. दुसऱ्या बाजूला कोणी आहे, हे ते विसरून गेले होते.

“बरी हाय का ती?” म्हातारीने पुन्हा विचारले.

“ठाऊक नाही,” रंगनाथ म्हणाले. तीन वर्षांत त्यांचा आवाज पहिल्यांदा अडकला. फार नाही, घासात बारीक खडा यावा इतकाच. त्यांनी तो गिळला नाही.

“मंग इचार की. का त्याला बी तीन वर्सं लावतोस?”

त्यांनी फोन बाहेर काढला. नंबर कुठे लिहिलेला नव्हता आणि शोधावाही लागला नाही. जोड्या सोडवताना दर महिन्याला टाइप केलेला तो दहा आकडी नंबर बोटांना पाठ होता. आपण कोण आणि हे मुळापासून कसे सांगायचे, याची एकही पायरी त्यांच्या वहीत नव्हती. पलीकडे घंटी वाजू लागली. खाटेवरच्या तुळजाबाई पुढे वाकून ऐकू लागल्या, आणि रुपालीही जवळ येऊन उभी राहिली.

“हॅलो,” रंगनाथ म्हणाले, “तुळजाबाई बोलताय का? आपली तब्येत कशी आहे, हे विचारायचं राहून गेलं होतं.”